टेकडीवरचा नमस्कार

आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत मारेन राहायला आली, त्या वर्षी माझा नवरा तेसोप सौदीच्या वाळवंटात रस्ते बांधायला गेला होता. तेव्हा आमच्या सांगजू गावात घरोघरचे तरणे पुरुष तिकडेच असायचे. घरात उरलो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. तो गेला तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. सासूबाईंना घरात माणसांचा आवाज लागायचा. दोघींनीच एकमेकींची तोंडं बघत जेवायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. अशात एक दिवस ओढ्यापलीकडच्या पत्र्याच्या चर्चमधले पाद्री आले आणि म्हणाले, "अमेरिकेहून एक मुलगी येतेय, धर्मकार्यासाठी. तुमची खोली रिकामीच आहे ना?"

"येऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "पण तिच्या देवाबद्दल माझ्या घरात बोलायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते बोलू दे."

मारेन बावीस वर्षांची होती. उंच इतकी, की पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि चौकटीचीच माफी मागितली. केस कापणीला आलेल्या भातासारखे पिवळे. तिचं गाव कुठल्याशा माळरानावर होतं, वडील शेतकरी. जमिनीवर मांडी घालून बसलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या, मग ती जेवता जेवता एकेक पाय लांब करायची आणि सासूबाई त्या पायावर चमच्यानं टकटक करायच्या.

सकाळी ती चर्चच्या बालवाडीत शिकवायला जायची. शिकवायची कसली, पोरंच तिला शिकवायची. त्यामुळे तिच्या तोंडी भाषा बसली ती चार वर्षांच्या पोरांची. एकदा सकाळी ती हातपंपावर तोंड धुऊन आली आणि ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना मोठ्यानं म्हणाली, "ए आजी, भात खाल्लास का?"

माझ्या हातातलं भांडं पडायचंच बाकी होतं. आमच्याकडे सख्खा मुलगासुद्धा आईला असं विचारत नाही. सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"इकडे ये. बस. तुम्ही जेवलात का, असं म्हण."

"तुम्ही जेवलात का?"

"हां. आता त्या कुत्र्याला विचार."

मारेननं अंगणातल्या कुत्र्याकडे वळून, मान लववून विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"अगं, कुत्र्याला नाही गं तुम्ही!" सासूबाई ओरडल्या आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही थांबेना. तेसोप गेल्यापासून त्या अशा हसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवसापासून शिकवणी सुरूच झाली. मोठ्यांशी कसं बोलायचं, बरोबरीच्यांशी कसं, दुकानदाराशी कसं, रागावलेल्या दुकानदाराशी कसं. मारेन सगळं पुटपुटत पाठ करायची. दुपारी पिशवीत पुस्तिका घालून ती घरोघर जायची, येशूबद्दल सांगायला. संध्याकाळी परत येऊन पायरीवर बसली, की सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "काय गं, आज कुणी घरात घेतलं का?"

"नाही."

"कुत्रं सोडलं?"

"एका घरी."

"मग उद्या कशाला जातेस मरायला?"

"उद्या कुत्रं बांधलेलं असेल," मारेन म्हणायची.

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघितलंस? बैलासारखी आहे. जोखड घालायला कुणी नाही, हीच मान पुढे करते." पण भात वाढताना तिच्या वाडग्यात खालचा करपलेला, खमंग पापुद्रा आठवणीनं टाकायच्या. तो तिला फार आवडायचा.

एकदाच मी तिला रडताना पाहिलं. पावसाळ्यात दिवसभर भिजून आली होती आणि पुस्तिकांचा नुसता लगदा झाला होता. ती खोलीच्या दारात बसून एकेक पान सोडवत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी जवळ गेले तर म्हणाली, "वहिनी, मी इथे कुणाच्या काही उपयोगाची नाही." मी तिच्याजवळ बसले आणि पानं सोडवू लागले. आमच्याकडे खोल्यांची जमीन खालून विस्तव घालून तापवतात; तिच्या खोलीतल्या तशा उबदार जमिनीवर आम्ही ती वाळत घातली. सकाळी सगळी चुरचुरीत झाली होती, पण अक्षरं पुसून गेली होती.

पावसाळा सरला. छुसोकचा सण जवळ आला. नव्या तांदळाचा, पितरांचा सण. त्याआधी घरच्या थडग्यांवरचं गवत कापावं लागतं. आमची थडगी गावामागच्या टेकडीवर होती, आणि पावसाळ्यानंतर तिथे कमरेइतकं गवत माजायचं. हे काम पुरुषांचं. तेसोप नव्हता, म्हणून सासऱ्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे थोरल्या मामंजींनी, आपली मुलं पाठवायचं कबूल केलं होतं. पण मुलं लांब उल्सान शहरातल्या कारखान्यात कामाला, त्यांना सुट्टीच मिळेना. आणि मामंजींची कंबर धरलेली. दिवस जात होते आणि सासूबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

"लोक काय म्हणतील," त्या म्हणायच्या. "नवऱ्याच्या डोक्यावर जंगल माजवून ही बाई खुशाल बसलीय म्हणतील."

"आई, मजूर लावू या का?" मी विचारलं.

"परक्याच्या हातून? तेसोपनं विचारलं तर काय सांगू?"

मारेन ओसरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, गवत कापायला मी येऊ का? घरी मी कापायची. विळा मला येतो."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुझा देव काय म्हणेल?"

मारेननं जरा विचार केला. "मी थडग्यापुढे वाकू शकत नाही. पूजाही करू शकत नाही. पण गवत तर गवतच आहे ना, आजी?"

"बाईमाणसानं थडग्यावर विळा चालवायचा," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम उठल्या आणि कोठीतून दोन विळे घेऊन आल्या. "मला तरी दुसरं कोण आहे? चल. माझा नवरा हसला तर हसू दे. जिवंतपणी तो कधी हसला नाही."

पोटुशी बाई थडग्याजवळ जात नाही, म्हणून मी डबा घेऊन टेकडीच्या उतारावर, चेस्टनटच्या झाडाखाली बसले. तिथून सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. दोघी डोक्याला फडकी बांधून कामाला लागल्या. मारेनला विळा येत होता खरा, पण तिच्या देशातला लांब दांड्याचा. आमचा आखूड विळा तिला जमेना. ती उभ्यानंच मारू लागली आणि गवताबरोबर अर्धी मातीही उडवू लागली.

"अगं, कापतेस की खणतेस? त्याला बाहेर काढायचंय का?" सासूबाई ओरडल्या. "बस खाली! बुडख्याशी धर, आपल्याकडे ओढ!"

हळूहळू तिला जमलं. मातीचे ते गोल उंचवटे एकेक करून उघडे पडत गेले. सासूबाई कापता कापता नवऱ्याशी बोलत होत्या. "ऐकताय का? तेसोप वाळवंटात आहे. सुनेला दिवस गेलेत. आणि ही कोण म्हणून घाबरू नका. ही आपल्याकडे राहते. उंच आहे, पण जेवायला मागेपुढे बघत नाही."

मारेननं हात थांबवून विचारलं, "आजी, त्यांना ऐकू येतं का?"

"जिवंत असताना कधी ऐकलं नाही. आता काय ऐकणार? पण मला सांगायची सवय आहे."

मारेन हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. ती विळा मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "माझी आईपण अशीच टेकडीवर आहे. मी शाळेत असताना गेली. तिथे फार वारा असतो."

"तिचं गवत कोण कापतं?"

"बाबा. यंत्रानं."

"आणि जेवायला कोण घालतं?"

"आमच्याकडे जेवायला घालत नाहीत. फुलं ठेवतात."

"फुलं!" सासूबाई म्हणाल्या. "फुलांनी पोट भरतं का गं?" पण लगेच त्यांनी आवाज खाली आणला. "आईशी बोलतेस का कधी?"

मारेननं नकारार्थी मान हलवली. "मी देवाशी बोलते. तो तिला सांगत असेल."

"मधे दुसरा माणूस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. मग मात्र त्यांनी विषय वाढवला नाही. हातानं मारेनच्या मानेवरचं गवत झटकलं आणि परत कामाला लागल्या.

सणाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव सार्वजनिक न्हाणीघरात जातं. सासूबाईंनी मारेनला हात धरून नेलं. नेईपर्यंत तिला कल्पना नव्हती, की तिथे सगळ्या बायका एकत्र आणि अंगावर सूत न ठेवता अंघोळ करतात. ती दारातच टॉवेल घट्ट धरून उभी राहिली, कानापर्यंत लाल. वाफेतून सगळ्या गावच्या बायका टकामका बघत होत्या.

"काय बघताय?" सासूबाई गरजल्या. "तुम्हाला नाही असं हिला काय आहे? आपापली पाठ घासा!"

मग त्यांनी मारेनला लाकडी पाटावर बसवलं आणि खरखरीत फडक्यानं तिची पाठ अशी घासली, की ती इंग्रजीत ओरडू लागली. "पाहा किती मळ! अमेरिकेपासूनचा साठवलाय पोरीनं," असं म्हणत त्या घासतच राहिल्या. शेजारची तांदूळवाली, जिनं मारेनवर कुत्रं सोडलं होतं तीच, पाण्याची बादली घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "थांबा, मी पाणी ओतते." परत येताना मारेन वाफाळलेल्या रताळ्यासारखी दिसत होती. "वहिनी," ती मला हळूच म्हणाली, "माझी पाठ आई गेल्यापासून कुणी घासली नव्हती."

संध्याकाळी आम्ही सोंगप्योन करायला बसलो. तांदळाच्या पिठाची उकड मळायची, पारी करून आत तिळाचं गोड सारण भरायचं, अर्ध्या चंद्रासारखं मिटायचं आणि पाइनच्या सुया पसरून वाफवायचं. ज्या बाईला सुबक सोंगप्योन जमतात तिला देखणी लेक होते असं आमच्याकडे म्हणतात. माझे सगळे फाटत होते. मारेनचे तर बुटासारखे दिसायचे.

"दोघी मिळून काय माकडं जन्माला घालणार आहात का?" सासूबाई म्हणाल्या आणि आमचे सगळे परत मोडून नीट करत बसल्या. घरभर पाइनचा वास भरला होता. इतकी वर्षं झाली, पण अजून तो वास आला की मला तीच संध्याकाळ आठवते. भांड्यावरच्या झाकणाचा खडखड आवाज, पिठानं पांढरे झालेले मारेनचे कोपर, आणि पोटात पहिल्यांदाच जोरात हललेलं माझं बाळ.

सणाच्या दिवशी सकाळची पूजा थोरल्या मामंजींच्या घरी झाली. तिथे मारेन आली नाही. पण दुपारी टेकडीवर जायची वेळ झाली तेव्हा सासूबाई तिच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "चल. सणाच्या दिवशी माणसाला घरात एकटं ठेवतात का? लांब उभी राहा हवं तर."

थोरले मामंजी काठी टेकत पुढे चालले होते. पांढरा अंगरखा, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी. गावात त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं शिंकत नसे. टेकडीवर पोचताच ते थांबले. थडगी स्वच्छ, गवत बोटभर, कडा न्हाव्यानं कोरल्यासारख्या. त्यांनी एक चक्कर मारली आणि मान डोलावली.

"छान. तेसोपच्या आई, कुणी कापलं हे? कोणता माणूस आणलात?"

मी चेस्टनटखाली उभी होते. सासूबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "मी आणि हिनं," त्या म्हणाल्या आणि झाडापाशी उभ्या असलेल्या मारेनकडे हनुवटीनं दाखवलं.

मामंजींचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. "बायकांनी? माझ्या भावाच्या थडग्यावर? आणि तेही या येशूवालीनं?"

"भावजी, तुमची मुलं आली नाहीत," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही.

मामंजी त्यांच्याकडे न बघता मारेनकडे वळले. "मुली, इकडे ये. हात लावलायस ना? मग आता इथे वाकून माफी माग."

मारेन पुढे आली. मला वाटलं, रडेल. पण ती सरळ उभी राहिली आणि सासूबाईंनी शिकवलेले सगळे मानाचे शब्द एकेक करून बोलली. "आजोबा, मला माफ करा. मी यांच्यापुढे वाकू शकत नाही. माझा देव मेलेल्या माणसाला नमस्कार करू देत नाही."

"मग टेकडीवरून खाली जा," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी हातातली तांदळाच्या दारूची किटली खाली ठेवली. त्या काहीतरी जबर बोलणार हे मला दिसत होतं, आणि ते बोलल्या असत्या तर आमचं आणि थोरल्या घराचं त्याच दिवशी तुटलं असतं.

पण मारेन तोवर पुढे आली होती. "आजोबा," ती म्हणाली, "पण जिवंत वडीलधाऱ्यांचा मान ठेवा असं माझ्या देवानंच सांगितलंय. तुम्ही जिवंत आहात ना?"

मामंजींना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा. "म्हणजे काय!" ते म्हणाले.

"मग तुम्हाला करते."

आणि तिनं त्या कापलेल्या गवतावर गुडघे टेकले, दोन्ही हात कपाळाशी नेले आणि जमिनीला कपाळ लावून पूर्ण नमस्कार घातला. तो नमस्कार बाईमाणसाचा नव्हता, पुरुषांचा होता, कारण तिनं पुरुषांनाच बघून उचलला होता. आणि वाकताना तिची टाच घसरली आणि ती जवळजवळ आडवीच झाली.

आता आमच्याकडे असा नमस्कार कुणी घातला की घेणाऱ्याला उभं राहून चालत नाही. बसावं लागतं आणि आशीर्वाद द्यावा लागतो. मामंजी कमरेला हात लावून कण्हत खाली बसले. कितीतरी वेळ ते तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं बरं. ऊठ. तुला चांगलं स्थळ मिळो. आणि... आणि तब्येत सांभाळ. फार वाळलीयस."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरल्यासारखी बाही धरली. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला झाडाखालून कळलं नाही.

"ऊठ ना," मामंजी म्हणाले. "आणि मलाही उठव. माझी कंबर धरलीय."

मारेननं त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं. मग पूजा झाली, त्या वेळी ती लांब, पाठ फिरवून नाही तर सरळ उभी राहिली, हात जोडून, तिच्या देवाशी काय बोलायचं ते बोलत. नंतर आम्ही सगळ्यांनी तिथेच बसून सोंगप्योन खाल्ले. मामंजींनी नेमका मारेननं केलेला उचलला. सासूबाईंच्या नजरेतून तो सुटला असावा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"बूट," सासूबाई म्हणाल्या. मामंजी हसले. मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं.

त्यानंतर गावात मारेनला दारं उघडली, असं मी सांगितलं तर खोटं होईल. चर्चमध्ये तिच्यामुळे कुणी गेलं नाही. पण बायका तिला पायरीवर बसवून पाणी द्यायला लागल्या. तांदूळवालीनं कुत्रं बांधून ठेवलं. तिच्या पुस्तिका कुणी वाचल्या नाहीत, पण तिच्या वडिलांकडे किती गायी आहेत, थंडीत तिथे किती बर्फ पडतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

पर्सिमनची फळं सोलून ओसरीवर दोऱ्यांना वाळत टांगली होती, तेव्हा चर्चच्या वरच्या मंडळींनी तिला समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी पाठवायचं ठरवलं. सकाळच्या बसनं ती गेली. सासूबाई स्टँडवर आल्या नाहीत. "कामं पडलीत," म्हणाल्या. मी एकटीच पोट सांभाळत गेले. बस सुटली तेव्हा मारेन खिडकीतून ओरडली, "वहिनी, आजींना सांगा, तुम्ही नीट जेवा!" सगळी बस हसली, पण शब्द बरोबर होते.

मी घरी आले तर सासूबाई तिच्या खोलीत जमीन पुसत बसल्या होत्या. स्वच्छच होती ती. मी निरोप सांगितला. त्या फडकं पिळून परत पुसू लागल्या.

थंडीत माझी लेक झाली. तेसोप पुढच्या वर्षी आला. खोली परत कधी भाड्यानं दिली नाही. सासूबाई म्हणायच्या, छप्पर गळतं. ते गळत नव्हतं.

मारेन पत्रं पाठवायची, मग लग्न झाल्यावर ती हळूहळू कमी झाली, तसं सगळ्यांचंच होतं. मामंजी गेले, मग काही वर्षांनी सासूबाईही गेल्या. आज सांगजूत ते न्हाणीघर नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे.

पण एक गोष्ट मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. मारेन गेल्यावर, त्याच थंडीतल्या एका रविवारी, सासूबाई नवा अंगरखा घालून बाहेर पडल्या. कुठे जाताय विचारलं तर म्हणाल्या, "पाय मोकळे करायला." दुपार झाली तरी आल्या नाहीत. शेवटी ओढ्यावरच्या पुलावरून येताना दिसल्या. त्या पत्र्याच्या चर्चमध्ये गेल्या होत्या. मारेन पोचली का, तिला तिकडे खोली मिळाली का, हे पाद्र्यांना विचारायला. पण प्रार्थना सुरू झाली होती, मधूनच उठणं बरं दिसेना, म्हणून शेवटच्या बाकावर संपेपर्यंत बसून राहिल्या.

"मग, आई? कसं वाटलं?" मी विचारलं.

त्या शेगडीपाशी हात शेकत बसल्या. "जमीन गार आहे त्यांची," त्या म्हणाल्या. "आणि सारखं उठा-बसायला लावतात. गाणी मात्र बरी म्हणतात."

जरा वेळानं म्हणाल्या, "तिला खोली मिळालीय. समुद्र दिसतो म्हणे."